काकवीचं खोगीर

आमच्याकडे गड्याला कामावरून काढायचं असेल तर मालक तोंडानं सांगत नाही. गड्याच्या वाट्याच्या घोड्यांतला एखादा घोडा काढून तो दुसऱ्याला देतो. घोडे सगळे रँचचे, म्हणजे मालकाचे. पण कुणी कुठले सहा-सात घोडे वापरायचे हे एकदा ठरलं, की मालकसुद्धा विचारल्याशिवाय त्यांना हात लावत नाही. खोगीर मात्र ज्याचं त्याचं. घोडा न विचारता गेला की गड्यानं काय ते समजायचं, वळकटी बांधायची, खोगीर पिकअपमध्ये टाकायचं आणि दुपारच्या जेवणाआधी फाटक ओलांडायचं.

आमच्या मालकानं, ओरिन स्टाडलरनं, माझी घोडी काकवी काढून आपल्या नव्या सुनेला दिली, तेव्हा मी वळकटी बांधली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी स्वतःबद्दल जे लिहिणार आहे त्यातही अभिमान वाटावा असं फारसं काही नाही.

एप्रिलचा पहिला आठवडा होता. सकाळी सहाला आम्ही न्याहारीला बसलो होतो.

"काकवी जॅनलीला बरी पडेल," ओरिन अंड्यांवर मिरपूड टाकत म्हणाला. "डागणीला ती वासरांना दोर टाकेन म्हणते."

"बरी पडेल?" मी म्हटलं.

"तुझ्याकडे निकल घोडा आहेच की."

एमेटनं ताटातून मान वर काढली नाही. तो या रँचवर कुंपणाच्या तारा ताणल्या त्याच्याही आधीपासून आहे. त्याला लगेच कळलं. ओरिनच्या पोराला, म्हणजे जॅनलीच्या नवऱ्याला, लोवेललाही कळलं. कळलं नाही ते फक्त जॅनलीला. तिचा बाप शहरात दातांचा डॉक्टर. ती घोड्यावर बसायला शिकली ती कॉलेजच्या रोडिओत, घोड्यांच्या स्पर्धांत, मैदानात, भोंग्यावर नाव पुकारलं जात आणि टाळ्या वाजत असताना. ती माझ्याकडे बघून गोड हसली आणि म्हणाली, "थँक यू, मॅम."

मॅम! मी बावन्न वर्षांची आहे. या टेकड्यांत मला आजवर कुणी मॅम म्हटलेलं नाही, बँकेतल्या कारकुनानंसुद्धा नाही.

मी का गेले नाही? काकवीसाठी. दुसऱ्या रँचवर मला काम मिळालं असतं, पण काकवी मिळाली नसती. सोळा वर्षांपूर्वी मार्चच्या बर्फात ती जन्मली, तेव्हा तिच्या नाकातलं पाणी मी माझ्या बाहीनं पुसलं होतं. रंग काकवीचाच. पाठ पिंपासारखी गोल, मानेमागे उंचवटा असा नाहीच. अशा पाठीवर कुठलंच खोगीर टिकत नाही. वळण आलं की बाजूला कलतं. म्हणून मी खोगीर करणाऱ्या म्हाताऱ्या प्रोखास्काला गाठलं. त्यानं शिशाची तार तिच्या पाठीवर तीन ठिकाणी दाबून आकार घेतले, त्या आकारांवर लाकडी सांगाडा बसवला आणि त्यावर कातडं चढवलं. दिसायला अगदी ओबडधोबड. पण काकवीच्या पाठीवर ठेवलं की पोटाखालचा तंग आवळायच्या आधीच तिथं चिकटून बसायचं. ते करून घ्यायला मी दोन हिवाळे जुन्याच कोटात काढले.

आणि आता तिच्यावर जॅनली बसणार. चोवीस वर्षांची, लांब पायांची, वेणी घातलेली. तिच्या खोगिराच्या कातड्यावर फुलं कोरलेली, पाठीमागे चांदीच्या अक्षरांत साल आणि 'विजेती' असा शब्द. पहिल्या रविवारी ते खोगीर ओसरीवर ठेवलेलं होतं, तर चर्चहून परतणारे शेजारी गाड्या थांबवून बघायला आले. माझ्या खोगिराकडे अकरा वर्षांत एकानंही वळून पाहिलं नव्हतं.

मत्सर मी पुस्तकात वाचला होता. तिथं तो हृदयात जळतो. माझ्या तो दातांत जळत होता. रात्रभर दात आवळून झोपायची आणि सकाळी जबडा दुखायचा. सहा आठवडे मी त्या पोरीच्या मागे लागले. तिनं फाटक उघडं टाकलं, मी चारचौघांत सांगितलं. तिनं फाटक लावलं, तर मी म्हटलं, साखळी उलटी अडकवली. तिची कॉफी पाणचट. तिची टोपी वाऱ्यात टिकायची नाही. तिच्या हातांना मलमाचा वास येतो, गाई बुजतात. हे शेवटचं तर मी बनवूनच सांगितलं. ती प्रत्येक वेळी म्हणायची, "यस, मॅम," आणि पुढच्या वेळी ते नीट करायची. ती उलटून बोलली असती तर मला किती बरं वाटलं असतं.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात आमची डागणी आली, म्हणजे नव्या वासरांवर तापल्या लोखंडानं रँचची खूण उमटवायचा दिवस. आजूबाजूच्या आठ घरांतली माणसं आली, शेजारचा हॉर्नबेक तर सगळं घरदार घेऊन. आमच्या भागात डागणीच्या दिवशी मालक नावं घेऊन सांगतो, घोड्यावर बसून वासरांना दोर कोण टाकणार. बाकीच्यांनी जमिनीवर, शेणात, वासरं दाबून धरायची. कुणाचं नाव घेतलं, कितवं घेतलं, हे लोक वर्षभर लक्षात ठेवतात. एकोणीस वर्षं ओरिननं पहिलं नाव माझं घेतलं होतं.

त्या दिवशी तो ट्रकच्या फळीवर उभा राहिला आणि म्हणाला, "लोवेल. हॉर्नबेक. हॉर्नबेकचा धाकटा. आणि आमची जॅनली." मग माझ्याकडे न बघता, "व्हर्ला, तू लस टोच. तुझा हात स्थिर आहे."

"हातच स्थिर आहे," एमेट माझ्या कानाशी पुटपुटला. "तोंडाचं काय ते बघ."

त्याआधी पहाटे गुरं हाकून आणताना मी निकलवर होते आणि मुद्दाम जॅनलीच्या मागे राहिले होते. उतारावर प्रत्येक वळणाला तिचं ते चांदीचं खोगीर डावीकडे सरकत होतं. ती उजव्या रिकिबीत सगळं वजन टाकून ते सरळ करायची. शंभर पावलांवर पुन्हा डावीकडे. काकवी शेपूट गरगरा फिरवत होती, कान मागे. मला काय वाटलं ते लिहिते: मला आनंद झाला. ज्या घोडीला मी नाकातलं पाणी पुसून वाढवलं, तिच्या पाठीला चिमटे बसत होते आणि मला आनंद झाला.

नावं घेऊन झाल्यावर जॅनली गुरांच्या वाडग्यापाशी उतरली. खोगिराखाली नमदा, म्हणजे लोकरीची गादी, होताच; त्यावर तिनं दुसरा घातला आणि तंगाची वादी दोन्ही हातांनी ओढली, काकवी कण्हेपर्यंत.

"मॅम, हे खोगीर डावीकडे का जातं? माझ्या जुन्या घोड्यावर कधीच जात नव्हतं."

इथं दुसऱ्याच्या खोगिराला कुणी हात लावत नाही, त्याबद्दल बोलत नाही. हा आमच्याकडचा शिष्टाचार. पण तिनं विचारलं होतं. विचारल्यावर सांगायचंच असतं. मी त्या शिष्टाचाराच्या मागे लपले.

"तुझं खोगीर. तुला ठाऊक," मी म्हटलं आणि लशीची पेटी आणायला गेले.

पेटी आणेपर्यंत माझा बेत बदलला होता. तिला एकटीला सांगण्यात काय मजा? सगळ्यांसमोर सांगितलं तर नाव घेतलेल्या चौघांतून ती गळेल, आणि गळाली की काकवीवर मी.

"ओरिन," मी तीस माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "त्या पोरीचं खोगीर घोडीला बसत नाही. वासराचा झटका बसला की पोटाखाली जाईल."

मग एमेटनं टोपी मागे सारली. "गेल्या आठवड्यात तिची कॉफी तुला बसत नव्हती, व्हर्ला. त्याआधी टोपी. पोरगी तेवढी बसते का घरात, की तिलाही परत पाठवायची?"

सगळे हसले. हॉर्नबेकचा धाकटा तर घोड्याच्या मानेवर ओणवा होऊन हसला. लोवेल म्हणाला, "या खोगिरावर ती जिंकलीय, व्हर्ला. जिंकलीय." ओरिननं घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, "चला, लोखंड तापलंय."

मी खरं बोलत होते. गेल्या सहा आठवड्यांतली ती माझी पहिली कामाची गोष्ट होती, आणि तीही मी वाईट हेतूनं बोलले होते. लोकांना हेतू बरोबर कळला. खोगीर कळलं नाही.

पहिलं वासरू लहान होतं. जॅनलीनं मागच्या पायांत फास टाकला. टाकणं सुरेख होतं. फास जमिनीवर उभा राहिला आणि वासरू आपणहून त्यात चाललं. खोगिराच्या पुढच्या शिंगाला तिनं दोराचे दोन वेढे दिले आणि विस्तवाकडे वळली. दोर ताणला तसं खोगीर एका अंगाला इतकं कललं की तिचा गुडघा काकवीच्या पाठीवर आला. ती मानेला धरून कशीबशी सावरली. कुणीतरी शीळ घातली. "अजून रोडिओतच आहे!" हॉर्नबेक ओरडला.

काकवीची पाठ कमरेशी उचलली गेली होती. बाकीच्यांना ते दिसलं नाही, किंवा दिसूनही कळलं नाही. मी ती पाठ अकरा वर्षांत दोनदाच तशी पाहिली होती. दोन्ही वेळा मी पुढच्या क्षणी जमिनीवर होते.

पुढचं वासरू जवळजवळ दोनशे पौंडांचं होतं. जॅनली दोर गुंडाळत त्याच्याकडे निघाली. माझ्या हातात लशीची सुई. मनात म्हटलं, पडू दे. एकदाच पडू दे, सगळ्यांसमोर. मग पुढचं दिसलं. खोगीर पोटाखाली गेलं की घोडी उधळते. पायांत रिकिबी अडकतात, ती लाथा झाडते. एका बाजूला विस्तव, दुसरीकडे काटेरी तार, मधे हॉर्नबेकची नातवंडं. घोडी थांबते ती पाय मोडल्यावरच, आणि मग ओरिन ट्रकमधली बंदूक आणायला जातो. काकवीसाठी. पोरीचं काय होईल ते मी बघितलंच नाही, हे मुद्दाम लिहिते.

मी वाडग्यात चालत गेले आणि लगाम धरला.

सगळं थांबलं. घोड्यावर बसलेल्या माणसाचा लगाम धरणं म्हणजे आमच्याकडे तोंडात मारण्यासारखं.

"उतर," मी म्हटलं.

"व्हर्ला!" ओरिन गरजला. "सोड तिला!"

"तू गप रे. पोरी, उतर."

जॅनलीचा चेहरा पांढरा पडला होता. ती उतरली. मला वाटतं, तिलाही ती उचललेली पाठ मांड्यांखाली जाणवली असावी.

"तंग घट्ट आहे?" मी विचारलं.

"यस, मॅम. याहून घट्ट होणार नाही."

मी शिंग एका हातानं धरलं आणि आपल्याकडे ओढलं. खोगीर आलं, आवळलेल्या तंगासकट, कलिंगडावर लावलेला कपड्यांचा चिमटा फिरावा तसं. मग मी त्याच्या पुढच्या कमानीखाली, नमद्याच्या वर हात घातला. दोन-तीन बोटं जायला हवीत. माझी अख्खी मूठ गेली.

"तुझं खोगीर उंच हाडाच्या, अरुंद पाठीच्या घोड्यासाठी केलेलं आहे. हिच्या पाठीत ते उतरतच नाही, वर तरंगतं. सांगाड्याच्या फळ्यांच्या खालच्या कडा तेवढ्या टोचतात. सैल लागतं म्हणून तू दुसरा नमदा घातलास. लहान बुटात दोन मोजे घातलेस. आणखी वर चढलं. मग तंग आवळलास, आणखी टोचलं. आता कळलं डावीकडे का जातं?"

"डावीकडूनच चढते मी," ती हळूच म्हणाली. "दर वेळी ओढलं जातं."

पोरगी हुशार होती. हेही मला सहन होत नव्हतं.

एमेटनं येऊन आपलीही मूठ कमानीखाली घालून पाहिली. काढली. माझ्याकडे बघितलं, पण चेष्टा केली नाही.

"मग आता?" ओरिन म्हणाला. "लोवेलचं खोगीर आणू?"

"लोवेलचंही अरुंदच आहे. इथं हिला बसणारं एकच आहे."

हे मी बोलून गेले तेव्हा मला कळलं, मी काय बोलले. ते एकच खोगीर माझं. ते निकलच्या पाठीवर होतं, खाली तीन नमदे भरून. ते काढून दिलं तर काकवी पूर्णच तिची. माझ्याकडे काय उरलं? सुई.

मी निकलवरून माझं खोगीर उतरवलं. जॅनलीचं खोगीर जमिनीवर शेणात ठेवणं जिवावर आलं, चांदीमुळे नव्हे, कातडं चांगलं होतं म्हणून. ते मी निकलवर टाकलं. मग काकवीपाशी आले.

"नीट बघ, दोनदा सांगणार नाही. नमदा एकच. आधी पुढे ठेव, मग मागे सरकव, म्हणजे केस उलटे दबत नाहीत. वर कमानीत उचलून घे, हाडाला वारा लागू दे. पुढचा तंग आधी. सुटताना शेवटी. मागचा तंग पोटाला टेकला पाहिजे, लोंबता नको, नाहीतर माशी हाकलताना तिचा खूर अडकेल. आणि या दोन तंगांना जोडणारी पट्टी विसरलीस तर मागचा सरकून जांघेत जाईल आणि ती तुला आकाशात पाठवेल."

तिनं प्रत्येक गोष्ट स्वतःच्या हातानं केली. मग रिकिबीचे पट्टे दोन भोकं खाली सोडले. अकरा वर्षं ते माझ्या भोकावर होते. कातड्यावर तिथं काळी घडी पडली होती.

ती पाय उचलून चढायला निघाली.

आता एक गोष्ट उरली होती, जी फक्त मला माहीत होती. काकवी तंग आवळताना पोट फुगवून धरते. दहा पावलं चालवली की श्वास सोडते आणि तंग चार बोटं सैल पडतो. माझं खोगीर कितीही बरोबर बसलं तरी सैल तंगावर वासराच्या झटक्यानं तेही फिरलं असतं. आणि या वेळी मला कुणी काही म्हणालं नसतं. माझंच खोगीर होतं. मीच चढवून दिलं होतं. सगळ्यांनी पाहिलं होतं.

मी किती वेळ गप्प राहिले? एमेट म्हणतो, क्षणभरही नाही. मला तो वेळ पुरता ठाऊक आहे. तेवढ्यात जॅनलीनं रिकिबीत पाय टाकला होता.

"थांब," मी म्हटलं. माझा आवाज मलाच परका वाटला. "दहा पावलं चालव तिला. मग पुन्हा आवळ. ती पोट फुगवते. रोज फुगवते. दर वेळी."

जॅनलीनं चालवलं. तंग चार बोटं लोंबला. तिनं तो आवळला, आणि या वेळी ती 'यस, मॅम' म्हणाली नाही. तिनं माझ्याकडे इतका वेळ बघितलं की मला मान फिरवावी लागली.

तिनं त्या दिवशी एकसष्ट वासरं ओढली. एकही फास वाया गेला नाही असं म्हणणार नाही, तीन गेले. माझे सात-आठ जातात. ती माझ्याहून चांगली दोर टाकते. हे इथं मी लिहिते, कारण मी हे तोंडानं कुणाला सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. झटका बसला की काकवी मागचे पाय रोवायची आणि खोगीर जागेवरून तसूभर हलायचं नाही. मी सुया टोचत होते आणि प्रत्येक झटक्याला माझी नजर तिकडे जात होती. मला आपल्या खोगिराचा अभिमान वाटत होता आणि त्यात बसलेल्या ढुंगणाचा संताप येत होता. दोन्ही एकाच वेळी.

दुपारी ट्रकच्या फळ्यांवर जेवणं मांडली. भाजलेलं बीफ, घेवडा, बटाट्याचं सॅलड. ओरिन खुशीत होता.

"शनिवारी हॉर्नबेककडे डागणी," तो म्हणाला. "जॅनली काकवीवर जाईल. व्हर्ला, तुझं खोगीर तेवढं दे."

"नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही."

"अगं, खोगीरच तर आहे."

"आणि ती घोडीच तर होती, ओरिन. मला विचारलंस? एकोणीस वर्षं तुझ्या गुरांमागे हाडं झिजवली. तोंडावर सांगायचं होतंस, व्हर्ला, जा. मी तेव्हाच वळकटी बांधायला हवी होती. आज बांधते."

ओरिन लाल झाला. "मी तुला जा म्हटलं? मी तसं... पोरगी नवी होती, तिला चांगली घोडी हवी होती, बस्स."

"वळकटी कशाला?" जॅनलीनं विचारलं. "घोडीचा आणि वळकटीचा काय संबंध?"

शेवटी एमेटनं ताट खाली ठेवलं आणि तिला सांगितलं. फार नाही, चार वाक्यांत. ती ऐकत होती आणि तिची मान खालून वर तांबडी होत गेली.

"लोवेल, तुला माहीत होतं?"

लोवेल बुटांकडे बघत राहिला.

"सहा आठवडे," ती म्हणाली. "सहा आठवडे मी या बाईंना थँक यू म्हणत होते. आणि तुम्ही सगळे ऐकत होता." मग ओरिनकडे वळून, "काकवी यांच्या वाट्यात परत घाला. आत्ता, सगळ्यांसमोर म्हणा. मला निकल द्या. माझं खोगीर त्याच्यावर पडलंय ना, मघापासून बघतेय, अगदी बरोबर बसलंय."

ओरिननं सुनेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काकवी व्हर्लाची," तो म्हणाला. "निकल जॅनलीचा. व्हर्लाला चालत असेल तर."

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला विचारलं होतं. तीस माणसं माझ्याकडे बघत होती. नाही, खोटं कशाला लिहू. माझ्याकडे नव्हतीच, ती जॅनलीकडे बघत होती. हॉर्नबेकच्या बायकोनं तर डोळे पुसले. केवढी मोठ्या मनाची पोर, असंच सगळ्यांच्या तोंडावर.

मला काकवी भांडून हवी होती. ओरिनच्या हातातून हिसकून, त्याला खाली मान घालायला लावून. नाहीतर खोगीर पिकअपमध्ये टाकून निघून जायचं होतं आणि मागून त्यांना पस्तावताना ऐकायचं होतं. यांपैकी काहीच झालं नाही. माझी घोडी मला चोवीस वर्षांच्या पोरीनं ताटातला बटाटा वाढावा तशी वाढली.

"चालेल," मी म्हटलं. आणि मग, कारण सगळे वाट बघत होते, "थँक यू, जॅनली."

काकवी माझी आहे. शनिवारी हॉर्नबेकनं दोर टाकायला चार नावं घेतली, त्यात माझं होतं, चौथं. पहिलं तिचं होतं. मी तिला अजून माफ केलेलं नाही.